महिला हॉकी विश्वचषक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा सुरू झाली की तेच तेच प्रश्न फिरून येतात. चेंडू जाळ्यात गेला तरी गोल का नाकारला? सामना बरोबरीत सुटला, मग शूटआउट का झालं नाही? मधेच सगळे थांबून मोठ्या पडद्याकडे का बघत होते? यातल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ गोलपुढच्या अर्धवर्तुळात, म्हणजे 'डी'त असतं. त्यामुळे उत्तरंही तिथेच जास्त रेंगाळली आहेत. इतिहासात रस नसेल तर पहिले तीन प्रश्न सोडून पुढे गेलात तरी चालेल.

ही स्पर्धा कधीपासून होते आणि कोण जिंकलं आहे?

पहिला महिला विश्वचषक १९७४ मध्ये फ्रान्समधल्या मांदल्यू इथे झाला. सुरुवातीच्या काळात दोन स्पर्धांमधलं अंतर दोन-तीन वर्षांचं असे. १९८६ पासून दर चार वर्षांनी हे चक्र पक्कं झालं. २०२२ पर्यंतच्या १५ स्पर्धांपैकी ९ नेदरलँड्सने जिंकल्या आहेत. उरलेल्या सहा पश्चिम जर्मनी (१९७६, १९८१), ऑस्ट्रेलिया (१९९४, १९९८) आणि अर्जेंटिना (२००२, २०१०) यांनी दोन-दोन वाटून घेतल्या. म्हणजे जवळपास अर्ध्या शतकात चषकावर फक्त चार नावं कोरली गेली.

२०२२ ची स्पर्धा नेदरलँड्समधल्या अॅम्स्टलव्हेन आणि स्पेनमधल्या तेरासा इथे झाली. अंतिम सामन्यात नेदरलँड्सने अर्जेंटिनाला ३-१ असं हरवलं. २०२६ चं यजमानपद बेल्जियम आणि नेदरलँड्स यांना मिळून देण्यात आलं. १५ ते ३० ऑगस्ट या तारखा ठरल्या आणि पुरुष व महिला अशा दोन्ही स्पर्धा एकाच वेळी घ्यायचं ठरलं.

म्हणजे निकाल आधीच ठरलेला असतो का?

विजेत्याबद्दल तसं वाटू शकतं, बाकीच्या जागांबद्दल अजिबात नाही. २०१८ मध्ये लंडनला आयर्लंडचा संघ आला तेव्हा जागतिक क्रमवारीत १६ वा होता. तो अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध ०-० अशी बरोबरी झाल्यावर आयर्लंडने शूटआउट (एकटी खेळाडू विरुद्ध गोलरक्षक अशी बरोबरी फोडणारी फेरी) जिंकलं आणि उपांत्य फेरीत स्पेनलाही शूटआउटमध्येच हरवलं. अंतिम सामन्यात मात्र नेदरलँड्सने त्यांच्यावर सहा गोल चढवले. घट्ट बचाव, उत्तम गोलरक्षक आणि शूटआउटची तयारी एवढ्या शिदोरीवर मधल्या फळीतला संघ कुठवर जाऊ शकतो, ते त्या स्पर्धेत दिसलं.

भारताची विश्वचषकातली सर्वोत्तम कामगिरी कोणती?

१९७४ च्या पहिल्याच स्पर्धेतलं चौथं स्थान. २०२२ मध्ये क्रॉसओव्हर लढतीत (उपांत्यपूर्व फेरीत जाण्यासाठीचा जादा सामना) स्पेनकडून ०-१ अशी हार झाली आणि संघ नववा आला. टोकियो ऑलिंपिकमधलं चौथं स्थान पुष्कळांना विश्वचषकातलं वाटतं, पण या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत.

१६ संघ निवडतात कसे?

२०२६ साठीचा हिशेब असा होता: दोन यजमान, पाच खंडांचे पाच विजेते, प्रो लीगच्या (आघाडीच्या देशांची दर हंगामातली लीग) दोन हंगामांतून दोन आणि पात्रता स्पर्धांमधून सात. एखादा संघ दोन वाटांनी पात्र ठरला, तर एक जागा खालच्या पात्र संघाकडे सरकते. उदाहरणार्थ, नेदरलँड्स यजमानही आहे आणि प्रो लीगही जिंकतो. म्हणूनच प्रो लीगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठी संघ जिवाच्या आकांताने खेळताना दिसतात.

आशियात थेट जागा एकच, आशिया चषक जिंकणाऱ्याची. २०२५ मध्ये हांगझोऊला अंतिम सामन्यात चीनने भारताला ४-१ असं हरवून ती जागा घेतली. अशा वेळी उपविजेत्याला पात्रता स्पर्धेच्या रांगेत उभं राहावं लागतं.

गटातून पुढे कोण जातं?

२०१८ आणि २०२२ मध्ये चार-चार संघांचे चार गट होते. गटातला पहिला थेट उपांत्यपूर्व फेरीत जाई. दुसरा आणि तिसरा शेजारच्या गटातल्या तिसऱ्या आणि दुसऱ्याशी क्रॉसओव्हर खेळत आणि चौथ्याचं आव्हान तिथेच संपे. गटात पहिलं येण्याची खरी किंमत एक सामना कमी खेळण्यात आणि त्यामुळे मिळणाऱ्या विश्रांतीत होती. हे स्वरूप कायमचं नाही, स्पर्धेगणिक बदलू शकतं. तेव्हा जुन्या स्पर्धेच्या आठवणीवर गणित मांडण्याआधी त्या-त्या स्पर्धेचं नियमपत्रक पाहावं.

दोन संघांचे गुण सारखे झाले तर गोलफरक बघतात ना?

लगेच नाही. सर्वात जास्त चुकणारं गणित हेच आहे. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला ०. गुण सारखे असतील तर आधी जिंकलेल्या सामन्यांची संख्या बघतात. तीही सारखी असेल तर गोलफरक, मग केलेले गोल आणि त्यानंतर आपसातल्या सामन्याचा निकाल.

उदाहरण घ्या. एका संघाने तिन्ही सामने बरोबरीत सोडवले: गुण ३, गोलफरक ०. दुसऱ्याने एक सामना १-० असा जिंकला आणि दोन ०-३ असे हरले: गुण ३, गोलफरक उणे ५. फुटबॉलच्या सवयीने पहिला संघ वर वाटेल. हॉकीच्या तक्त्यात दुसरा वर जातो, कारण त्याच्या खात्यात एक विजय आहे. शेवटच्या गटसामन्यात १-१ असताना एखादा संघ पाच मिनिटं बाकी असतानाच गोलरक्षक काढून जादा खेळाडू आणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात बहुधा हाच नियम असतो.

महिलांच्या सामन्याचे नियम पुरुषांपेक्षा वेगळे असतात का?

नाही. ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद मैदान, ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोल, १५६ ते १६३ ग्रॅमचा चेंडू आणि ७३७ ग्रॅमपर्यंतची स्टिक, सगळं तेच. वेळही तेवढीच.

एक सामना किती वेळ चालतो?

खेळाची ६० मिनिटं, १५ मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर २ मिनिटं थांबतात, मध्यंतर आंतरराष्ट्रीय सामन्यांत सहसा १० मिनिटांचं असतं. म्हणजे विश्रांतीची १४ मिनिटं झाली. पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल आक्रमक संघाला मिळणारी ठरलेल्या मांडणीची संधी, पुढे सविस्तर) दिला की त्याच्या तयारीसाठी ४० सेकंद मिळतात आणि तेवढा वेळ घड्याळ थांबलेलं असतं. सामन्यात १० कॉर्नर झाले तर साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ त्यातच जातो. व्हिडिओ रेफरल आणि दुखापती धरून दीड तास ते पावणेदोन तास हाताशी ठेवावेत. बाद फेरीत शूटआउटची शक्यता असते, त्यासाठी आणखी पंधरा-वीस मिनिटं.

मैदानावर पाणी का मारतात? पाऊस पडून गेला तरी?

वरच्या दर्जाचे सामने कृत्रिम टर्फवर होतात आणि हे टर्फ ओलं असतानाच खेळावं अशा बेताने बनवलेलं असतं. पाण्याच्या पातळ थरावरून चेंडू सरकत, सरळ आणि जमिनीलगत जातो. टर्फ कोरडं पडलं की चेंडू अडखळतो, मधेच उसळतो आणि पडलेल्या खेळाडूचं कोपर-गुडघा सोलवटतो. म्हणून सामन्याआधी आणि मध्यंतरात फवारे चालू करतात. पावसाने टर्फ सगळीकडे सारखं भिजतंच असं नाही, फवाऱ्याने ते समान होतं.

कडक उन्हात दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बघा. चेंडू रोखताना चुका वाढलेल्या दिसतील आणि त्याचं कारण बऱ्याचदा थकव्याइतकंच वाळत चाललेलं टर्फही असतं. पाण्याचा हा खर्च कमी व्हावा म्हणून कमी पाण्यावर चालणारी टर्फ आता येऊ लागली आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तसं टर्फ वापरलं गेलं.

निळा रंग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून रुळला. निळ्यावर पिवळा चेंडू प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्याला चटकन दिसतो, एवढंच त्यामागचं कारण.

खेळाडू सारख्या आत-बाहेर का करतात?

मैदानावर ११, पण बदल कितीही वेळा करता येतात आणि त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही. बाहेर गेलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते. विश्वचषकाच्या सामन्यात १८ जणींचा संघ असतो, ऑलिंपिकमध्ये १६ जणींचा. आघाडीच्या फळीत काही मिनिटांची जोरदार धाव आणि मग बाकावर, असं चक्र चालू राहतं. बचावाच्या मध्यावरच्या खेळाडूला मात्र क्वचितच बसवतात, कारण मागून हाका मारून रचना सांभाळायचं काम तिचं असतं.

पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत बदल करता येत नाही. अपवाद फक्त बचाव करणाऱ्या संघाच्या जखमी किंवा निलंबित गोलरक्षकाचा. म्हणून आपली ड्रॅगफ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर चेंडू ओढून फेकणारी खेळाडू, बाकावर असताना कॉर्नर मिळाला तर प्रशिक्षकाला हात चोळत बसावं लागतं.

चेंडू जाळ्यात गेला, तरी गोल नाही. का?

पहिली शक्यता: आक्रमक संघाच्या कुणीही 'डी'च्या आत चेंडूला स्टिक लावली नव्हती. गोलपासून १४.६३ मीटरवर आखलेल्या या रेषेच्या बाहेरून मारलेला फटका सरळ आत गेला तरी गोल होत नाही. आत कुणा आक्रमक खेळाडूचा नुसता स्पर्श झाला तरी पुरतो.

इतर कारणं: फटक्याआधी आक्रमक खेळाडूच्या पायाला चेंडू लागला होता, स्टिकची गोलाकार मागची बाजू लागली होती, फटका धोकादायक होता, किंवा तो पेनल्टी कॉर्नरचा पहिला फटका होता आणि ठरलेल्या उंचीच्या वरून गेला होता. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आणि ऑफसाइड? तो नियम हॉकीतून १९९० च्या दशकातच गेला.

पायाला चेंडू लागला तरी पंच शिटी का वाजवत नाहीत?

नुसता स्पर्श म्हणजे नियमभंग नव्हे. त्या स्पर्शाचा फायदा झाला, किंवा मुद्दाम पायाने चेंडू अडवला, तरच शिटी. चेंडू पायाला लागून प्रतिस्पर्ध्याकडेच गेला तर खेळ पुढे चालू राहतो. प्रेक्षकांतून 'फूट! फूट!' असा गलका होतो त्यातल्या कित्येक वेळा पंचांचा निर्णय बरोबर असतो.

पेनल्टी कॉर्नर कशामुळे मिळतो आणि त्यात नेमकं काय चालतं?

बचावपटूकडून 'डी'त नकळत चूक झाली आणि त्यामुळे बहुधा झालाच असता असा गोल हुकलेला नसेल तर कॉर्नर. मागच्या रेषेपासून २३ मीटरवरच्या रेषेच्या आत, पण 'डी'बाहेर, मुद्दाम नियम मोडला तरी कॉर्नर. मुद्दाम चेंडू आपल्याच गोलरेषेबाहेर घालवला तरी कॉर्नर. नकळत गेला तर नाही. मग आक्रमक संघ २३ मीटरच्या रेषेवरून, चेंडू जिथून बाहेर गेला त्याच्या समोरून, खेळ सुरू करतो.

मांडणी अशी असते. गोलखांबापासून १० मीटरवर मागच्या रेषेवर चेंडू ठेवतात. तिथून तो आत ढकलणारी ती इंजेक्टर. बचावाला गोलरक्षक धरून जास्तीत जास्त पाच जणी, मागच्या रेषेच्या मागे. बाकी सगळ्या मध्यरेषेपलीकडे. आक्रमक खेळाडूंचे पाय, हात आणि स्टिक 'डी'च्या बाहेर. चेंडू हलेपर्यंत कुणी आत यायचं नाही. चेंडू 'डी'च्या बाहेर गेल्याशिवाय गोल धरला जात नाही, म्हणून स्टॉपर तो रेषेबाहेर अडवते आणि फ्लिकर तिथून आत ओढत फटका मारते.

पहिला फटका हिट असेल, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारलेला, तर चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलातल्या फळीच्या उंचीपेक्षा, वर असता कामा नये. फ्लिक असेल, म्हणजे चेंडू स्टिकला चिकटवून ओढून फेकलेला, तर धोका नसेल तोवर उंचीचं बंधन नाही. ड्रॅगफ्लिकला एवढं महत्त्व आलं ते या एका फरकामुळे: गोलाचे वरचे दोन्ही कोपरे फक्त तिलाच खुले असतात. नेदरलँड्सची यिब्बी यान्सन आणि अर्जेंटिनाची आगुस्तिना गोर्सेलानी यांना कॉर्नर मिळाला की गोलरक्षकाला खाली झोपायचं की उभं राहायचं हे आधीच ठरवावं लागतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांत सर्वाधिक गोल यान्सनचे होते, ९.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा फटक्यात नाही, त्याच्या आधीच. इंजेक्शन उसळत आलं की स्टॉपरला स्टिक आडवी धरून चेंडू अडवता येत नाही, तो वर उडतो. इंजेक्शन हळू आलं की बचावातली पहिली धावणारी फ्लिकरच्या अंगावर येऊन पोहोचते. चेंडू हातभर पुढे-मागे थांबला की फ्लिकरची पावलं चुकतात आणि मग घाईत आडव्या पासचा पर्याय निवडावा लागतो. इंजेक्टर आणि स्टॉपर यांची नावं गोलफलकावर कधीच येत नाहीत, आमच्या मते तरी अर्धा गोल त्यांचा असतो.

लवकर धावण्याची शिक्षाही लक्षात ठेवा. बचावपटू चेंडू हलायच्या आधी पुढे आली तर तिला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि तिच्या जागी दुसरी येत नाही, म्हणजे उरलेल्या चौघींवर बचाव. गोलरक्षकच आधी हलली तर संघाला दुसरी एखादी बचावपटू पाठवावी लागते. इंजेक्टरने हूल दिली तर ती जाते, पण तिची जागा दुसरी घेऊ शकते. आक्रमक खेळाडू 'डी'त लवकर घुसली तर तीही मध्यरेषेपलीकडे.

कॉर्नरचा फटका बचावपटूच्या अंगावर बसला तर कुणाच्या बाजूने निर्णय?

ती फटक्यापासून ५ मीटरच्या आत असेल तर चेंडू कुठे लागला ते बघतात. गुडघ्याच्या खाली लागला तर पुन्हा कॉर्नर. ती नेहमीसारखी उभी असताना गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचाव करणाऱ्या संघाला.

बचावपटू मुखवटे घालून कशा खेळतात?

कॉर्नरच्या बचावासाठी चेहऱ्याचा मुखवटा, गुडघ्याची कवचं, हातमोजे घालता येतात. अडवलेला चेंडू घेऊन लगेच पुढे निघायचं असेल तर २३ मीटरच्या पट्ट्यात ते घालून खेळता येतं, पण पहिली संधी मिळताच काढून टाकावं लागतं आणि पट्ट्याबाहेर ते घालून जाता येत नाही.

भोंगा वाजला तरी कॉर्नर चालूच राहिला. हे बरोबर का?

बरोबर. वेळ संपण्याआधी दिलेला कॉर्नर पूर्ण होऊ देतात. गोल झाला, चेंडू 'डी'पासून ५ मीटरहून लांब गेला, आक्रमकांची चूक झाली किंवा चेंडू दुसऱ्यांदा 'डी'बाहेर पडला की तो संपतो. बचावातली चूक पुन्हा कॉर्नर ओढवू शकते. भोंग्यानंतर एकापाठोपाठ तीन-चार कॉर्नर होतात ते यामुळेच.

पेनल्टी स्ट्रोक कधी?

'डी'तल्या चुकीमुळे बहुधा झालाच असता असा गोल हुकला, किंवा ज्या खेळाडूकडे चेंडू होता अथवा तो खेळायची संधी होती तिच्याविरुद्ध 'डी'त मुद्दाम नियम मोडला, तर. गोलपासून ६.४० मीटरवरून एकटी खेळाडू पुश किंवा फ्लिक करते, हिट चालत नाही. चेंडू खेळला जाईपर्यंत गोलरक्षकाचे दोन्ही पाय गोलरेषेवरच.

शूटआउट आणि स्ट्रोक एकच का?

नव्हे. शूटआउटमध्ये खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते आणि तिच्याकडे ८ सेकंद असतात. शिटी झाली की गोलरक्षकही गोलरेषेवरून पुढे येऊ शकते. चेंडू गोलरक्षकाला लागून परत आला तरी वेळ संपेपर्यंत पुन्हा मारता येतो. गोलरक्षकाकडून नकळत चूक झाली तर प्रयत्न पुन्हा होतो, मुद्दाम झाली तर स्ट्रोक मिळतो.

प्रत्येकी पाच जणी आळीपाळीने प्रयत्न करतात. तरीही बरोबरी राहिली तर त्याच पाच जणी पुन्हा, एकेक जोडीने, फरक पडेपर्यंत. यावेळी आधीच्या फेरीत दुसरा प्रयत्न करणारा संघ पहिला येतो.

आठ सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण गोल हुकतात ते बऱ्याचदा घाईमुळे. गोलरक्षकाची चाल ठरलेली असते: लवकर पुढे येऊन कोन लहान करायचा, उभं राहायचं आणि आक्रमक खेळाडूला तिच्या रिव्हर्स (डाव्या) बाजूला, बाहेरच्या दिशेला ढकलत न्यायचं. जी गोलरक्षक आधी झोपते तिला वळसा घालणं सोपं जातं. जी आक्रमक पहिली तीन सेकंद शांतपणे सरळ येते आणि गोलरक्षकाला आधी हलायला लावते, तिच्याकडे शेवटी रिकामा गोल असतो. पॅरिसमधलं महिलांचं सुवर्णपदक असंच ठरलं: १-१ अशा बरोबरीनंतर नेदरलँड्सने चीनला शूटआउटमध्ये ३-१ असं हरवलं.

विश्वचषकात गटसामन्यांनंतर शूटआउट होत नाही, बरोबरी तशीच राहते. प्रो लीगमध्ये मात्र प्रत्येक बरोबरीनंतर जादा गुणासाठी शूटआउट घेतात. दोन्ही स्पर्धा बघणाऱ्यांचा घोटाळा इथे होतो.

व्हिडिओ रेफरल किती मिळतात?

संघाला एक. दावा बरोबर निघाला तर तो शिल्लक राहतो, चुकीचा निघाला तर गेला. चित्रफितीवरून ठरवता आलं नाही तरीही शिल्लक राहतो. खेळाडूने हातांनी 'टी'ची खूण करून ताबडतोब मागायचा. तो गोल, कॉर्नर आणि स्ट्रोक यांबाबतच आणि २३ मीटरच्या आतल्या घटनेसाठीच मागता येतो. मधल्या मैदानातल्या फ्री हिटसाठी नाही. पंचही स्वतःहून व्हिडिओ पंचाची मदत घेऊ शकतात आणि त्यामुळे संघाचा रेफरल कमी होत नाही.

पहिल्या क्वार्टरमध्ये 'बहुतेक पाय लागला' एवढ्या भरवशावर रेफरल उडवणं ही नेहमीची चूक. चौथ्या क्वार्टरमध्ये खरी गरज पडते तेव्हा हात रिकामे असतात.

कार्डांचा अर्थ काय?

हिरवं: २ मिनिटं बाहेर. पिवळं: ५ किंवा १० मिनिटं, चुकीच्या गांभीर्यानुसार. लाल: उरलेल्या सामन्यासाठी बाहेर. तिन्ही वेळा संघ एकीने कमी खेळतो. दोन मिनिटं क्षुल्लक वाटली तरी १५ मिनिटांच्या क्वार्टरमध्ये तो साधारण आठवा हिस्सा असतो. त्यात प्रतिस्पर्धी चेंडू फिरवत ठेवून दमवतात, आणि गोल बऱ्याचदा कार्डाची मुदत संपल्यानंतरच्या मिनिटात होतो.

हवेतून आलेला चेंडू घ्यायला दोघी असतील तर?

जी आधी तिथे आहे तिचा हक्क. चेंडू जमिनीवर ताब्यात येईपर्यंत प्रतिस्पर्ध्याने ५ मीटर लांब राहायचं. खांद्यावरचा चेंडू स्टिकने खेळायला हरकत नाही, मात्र धोका नको.

गोलरक्षक काढून जादा खेळाडू आणली तर ती गोल वाचवू शकते का?

स्टिकने, इतरांसारखीच. २०१९ पासून अशा खेळाडूला पायाने किंवा अंगाने चेंडू अडवण्याचे गोलरक्षकाचे अधिकार नाहीत.

डावखुऱ्या खेळाडूंसाठी वेगळी स्टिक?

नाही, सगळ्या स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते. डावखुऱ्या मुलीही त्याच धरायला शिकतात. फोरहँडला स्टिकच्या कडेने जोरात मारणं निषिद्ध आहे, रिव्हर्सला कडेने मारलेला फटका चालतो. बाहेरून आत येत मारलेले कितीतरी गोल याच फटक्याचे असतात.

विजा चमकल्या आणि सामना थांबला, तर पुन्हा पहिल्यापासून?

नाही. जिथे थांबला त्याच मिनिटापासून, त्याच गोलसंख्येवर पुढे सुरू होतो.

मैदानात जाऊन बघायचं तर कुठे बसावं?

लांब बाजूला, २३ मीटरच्या रेषेच्या सुमारास आणि पाच-सात ओळी वर. तिथून कॉर्नरची मांडणीही दिसते आणि मधल्या फळीतल्या धावाही. अगदी पहिल्या ओळीत वेग जाणवतो, पण पलीकडच्या 'डी'त काय झालं ते कळत नाही. गोलामागची जागा ड्रॅगफ्लिक बघायला उत्तम. समोर जाळी असते, तरी कॉर्नरच्या वेळी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसू नये. संघ मध्यंतरात बाजू बदलतात, तेव्हा आपल्या आवडत्या संघाचं आक्रमण ज्या अर्ध्यात जवळून बघायचं असेल त्यानुसार जागा निवडता येते.